बझर चांगला होता, अण्णा

अण्णा, आज तुमच्या तेराव्याला तुमच्या यंत्राने भटजींना घाबरवलं, हे आधी सांगते. बाकीचं मग.

नळाला पाणी सकाळी यायला हवं होतं, ते आलं ऐन मंत्र चालू असताना. अर्ध्या तासात अंगणातली जमिनीखालची टाकी, म्हणजे आपला संप, काठोकाठ भरला आणि तुमच्या यंत्राने आपला तो भसाडा सूर लावला. भटजींच्या हातातली पळी ताम्हनात पडली. तुमच्या मेहुण्यांना, अक्कांच्या भावाला, वाटलं, गॅसचं काही झालं, म्हणून ते स्वयंपाकघराकडे धावले. अक्का मात्र शांतपणे उठल्या, अंगणात जाऊन पाण्याचा कॉक बंद केला, यंत्राचं बटण दाबलं आणि परत येऊन पाटावर बसल्या. भटजींना विचारलं, कुठपर्यंत आलं होतं? त्यांना आठवेना. चार मंत्र तुम्हाला दोनदा मिळालेत, घ्या ठेवून.

जेवताना मेहुणे माझ्या शेजारी होते. होळिगेवर, म्हणजे आपल्या पुरणपोळीवर, तूप वाढून घेत ते म्हणाले, यंत्र झकास आहे, पण आवाज असा म्हशीचा का? हातातल्या घड्याळात वाजते तशी बारीक शिट्टी चालली नसती का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या यंत्राचं निम्मं खापर माझ्या डोक्यावर आहे. मी म्हटलं, अण्णांना असाच हवा होता.

हे खोटं आहे. दीड वर्षं मी तुम्हालाही याच आवाजाबद्दल खोटं सांगत आले. तुमच्यासमोर मला कधी एक वाक्य पुरं करता आलं नाही, मध्येच तुमचं 'स्वल्प तडी, पुट्टी' यायचं, जरा थांब, पोरी. आता मात्र तुम्हाला शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

आपली ओळख झाली तीच मुळी तुमच्या मोजण्यामुळे. एस. पी. रोडवरच्या त्या बोळाएवढ्या दुकानात मी लॅपटॉपची वायर घ्यायला आले होते. शेजारी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दुकानदाराशी कानडीत कडकडून भांडत होते, आणि भांडण थांबवून तळहातावरचे रेझिस्टर मोजत होते, 'एक, दोन, तीन' असे. माणूस कुठल्याही भाषेत भांडतो, मोजतो मात्र आईच्या भाषेत. मी विचारलं, तुम्ही मराठी? तुम्ही मला नखशिखान्त पाहिलंत आणि म्हणालात, सतरापर्यंत आलो होतो, घालवलंस की. मग पुन्हा एकपासून सुरुवात केलीत.

मी निपाणीची, बेंगळुरात येऊन जेमतेम आठ महिने झालेली. इलेक्ट्रॉनिक सिटीत गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे आवाज तपासायची नोकरी. पट्टा न लावल्याचा टिंग, दार उघडं राहिल्याचा टुंग, दिवसभर तेच. तुम्ही टेलिफोनच्या कारखान्यात तीस वर्षं रिसीव्हर कानाला लावून बसलेले. एकेक रिसीव्हर कानाशी धरायचा, आवाज स्वच्छ असेल तर डावीकडे, खरखर असेल तर उजवीकडे. 'कानाची नोकरी केली आम्ही' असं तुम्ही म्हणायचात, आणि ते म्हणताना तुमचा हात आपोआप उजव्या कानाकडे जायचा. दोन तपासनीस भेटले, मग काय विचारता. त्याच रविवारी मी बसवनगुडीला तुमच्या घरी फोडणीचे पोहे खात होते.

तुमच्या घरात पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, इथे कुठलं तरी व्रत चालू आहे. जिकडे तिकडे लाल दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या. छत्रीला चिठ्ठी, 'काडी क्रमांक तीन वाकडी'. मिक्सरला चिठ्ठी, 'दुसऱ्या वेगाला थरथर'. तुमच्या स्वतःच्या चपलेला सुद्धा. खाली तारीख आणि सही. तुमच्या कारखान्याची ही रीत. दोष सापडला की चिठ्ठी बांधायची, आणि वस्तू भंगारात काढायची तर दुसऱ्या तपासनिसाचीही सही लागायची. घरी दुसरा तपासनीस कुठून आणणार? अक्कांनी सही करायला साफ नकार दिलेला, मी काही तुमच्या खात्यात नोकरीला नाही म्हणून. त्यामुळे वीस वर्षांत त्या घरातून एक वस्तू भंगारात गेली नव्हती. मी आले, पटापट सह्या केल्या, आणि दुसऱ्या रविवारी भंगारवाल्याने तीन पोती नेली. अक्कांचा माझ्यावर जीव जडला तो त्या दिवशी. एरवी तुम्ही म्हणायचात, लपवलेला दोष गिऱ्हाइकाच्या कानात जाऊन बोलतो. हे वाक्य मला फार आवडायचं. आता त्याने झोप लागत नाही.

तुमचा तो कंप्यूटर. मी त्याला खेळणं म्हणायची आणि तुम्ही चिडायचात. तळहाताएवढी पाटी, तिच्यावर एक चिप, आगपेटीएवढा पडदा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान बटणं, आणि मागे तीन पेन्सिल सेल. तुम्ही सगळं स्वतः सोल्डर केलेलं, आणि बटणं दाबून दाबून स्वतः प्रोग्रॅम लिहिलेले. त्यावर तुम्ही तिथी काढायचात, दुधाचा रतीब मांडायचात, आणि एक सापाचा खेळ होता ज्यात साप स्वतःला कधीच चावत नसे, कारण तुम्हाला ते अभद्र वाटायचं. मग तुमच्या मनात आलं, याला कामाला लावू. पाणी दिवसाआड यायचं, संप भरून रस्त्यावर वाहायचा आणि समोरचे लोक बोलायचे. संपात तरंगता बटणवाला फ्लोट सोडला, वायर वर आणली, कंप्यूटर अंगणातल्या भिंतीवर बसवला. तिथे प्लग नाही, म्हणून सेलच बरे. संप भरला की पडद्यावर 'भरला' अशी अक्षरं यायची.

पण अंगणातल्या भिंतीवर 'भरला' आलेलं स्वयंपाकघरातून दिसणार कसं? तेव्हा आवाज हवा. बाजारात आपोआप बंद होणारा कॉक मिळतो, असं मी एकदाच म्हणाले आणि तुम्ही अर्धा तास माझ्याशी बोलला नाहीत.

आवाज कसला, यावर आपले दोन रविवार गेले. मला खरा स्पीकर हवा होता. तुम्ही म्हणालात, स्पीकर म्हणजे सेल पिणारा राक्षस, साधा बझर लावू. पितळेची रुपयाएवढी चकती, चिपच्या पायाला थेट जोडली की बारीक, टोकदार किंचाळते, आणि सेल वर्षभर हलत नाहीत. तुमचं बरोबर होतं. मी हरले आणि तुम्ही बझर लावलात.

मग तीन आठवडे मला ऑफिसच्या कामाने येता आलं नाही. तुमचे फोन यायचे, बझर वाजत नाही. जोड तपासला, वायर बदलली, प्रोग्रॅम तीनदा लिहिला, तरी नाही. इकडे अक्का पाणी भरलं की नेमक्या येऊन कॉक बंद करत होत्या. तुम्ही विचारलंत, तुला कसं कळतं? त्या म्हणाल्या, वाजतंय की. त्यावर तुम्ही त्यांना समजावलंत की तो शेजारच्यांचा इन्व्हर्टर वाजतो, लाइट गेली की. अक्का म्हणाल्या, लाइट तर आहे. पण तुमच्या कानापुढे बायकोच्या कानाला कधी किंमत होती, अण्णा?

चौथ्या रविवारी मी आले. तुम्ही कंप्यूटर टेबलावर उघडून बसला होतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली. मी फ्लोटची वायर हाताने जोडली. आणि अण्णा, तो बझर असा किंचाळला की मी दचकून मागे सरले. तुमची मान खालीच. तुम्ही मीटरच्या काट्याकडे बघत होतात. मी वायर सोडली, पुन्हा जोडली. पुन्हा तीच किंकाळी. आवाजाने अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही मान वर केलीत आणि शांतपणे मला म्हणालात, 'बघितलंस? मेला हा.'

वयाबरोबर आधी बारीक आवाज जातात, मग हळूहळू बाकीचे. हे मला माहीत आहे, त्याचाच मी पगार घेते. तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत होतं, गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते, तो टोकदार सूर तेवढा नाही. एका वाक्याचं काम होतं. माझी नजर अक्कांकडे गेली. त्या कॉफी टाकायला आत गेल्या.

आणि मी म्हटलं, 'हो अण्णा, मेलाय.'

तुम्ही लगेच लाल दोरा काढलात. चिठ्ठीवर लिहिलंत, 'आवाज नाही', खाली तुमची कानडी सही. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवलीत. मी मराठीत सही केली, स्वच्छ अक्षरात, आडनावासकट. माझ्या आयुष्यातली एवढी वळणदार सही दुसरी नाही.

त्यानंतरचं वर्ष मात्र काय सांगू. तुम्ही स्वतःच म्हणालात, बझरचा माल हल्ली चांगला येत नाही, तू म्हणतेस तो स्पीकर लावू. मी म्हटलं, आवाज खालचा ठेवू, भारदस्त. जुन्या रेडिओतला स्पीकर निघाला. तो लावला तर नवीनच नाटक. स्पीकर वाजायला लागला की सेल दमायचे, कंप्यूटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, सुरू झाला की संप भरलाय हे त्याच्या ध्यानात यायचं, मग तो वाजायला जायचा आणि पुन्हा बंद. भूं, भूं, भूं. तुम्ही म्हणालात, याला उचकी लागली, कुणीतरी आठवण काढतंय याची. अक्कांनी खरोखरच भांडंभर पाणी आणून त्याच्यासमोर ठेवलं. आपण तिघं किती हसलो होतो. माझ्या पोटात दुखायला लागलं आणि तुम्हाला खोकला आला.

त्या उचकीवर आपण सहा रविवार घालवले. शेवटी तुम्हीच टेबलावर थाप मारलीत. म्हणालात, नळाचं पाणी बारीक येतं म्हणून आपण संप बांधतो, तसा सेललाही एक संप लागेल की. मग अंगठ्याएवढा कपॅसिटर लावला, त्यात सेलची वीज साठून राहायची आणि स्पीकरला एकदम घोटभर मिळायची. उचकी थांबली. पहिल्यांदा अखंड सूर निघाला तेव्हा तुम्ही डोळे मिटून उभे होतात. डोळे उघडून म्हणालात, स्वच्छ आहे, खरखर नाही, डावीकडे ठेव. एवढे खूश झालेले तुम्ही मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि मीही एवढी खूश झाले नव्हते.

मग रामनवमी आली, इथे तेव्हा महिनाभर रोज मांडवात गाणं असतं. मांडवात दरवर्षी गाणं ऐकायला तुम्ही पहिल्या रांगेत, हे अक्कांनी मला आधीच सांगितलं होतं. मला मुद्दाम बरोबर नेलंत. पाऊण तासात तुम्ही उठलात. बाहेर येऊन प्रसादाचं गुळाचं पानक पीत म्हणालात, हल्लीच्या गाणाऱ्यांत दम नाही, वरच्या पट्टीत गेले की आवाजच निघत नाही त्यांचा. आतून गाणाऱ्या बाईंचा तार सप्तकातला सूर रस्त्यापर्यंत येत होता, अण्णा, लोक माना डोलवत होते. मी म्हटलं, हो ना, काही मजा नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मांडवात गेलाच नाहीत. त्या संध्याकाळी मला कळलं की मी काय करून बसले आहे.

त्यानंतर मी प्रयत्न केला, अगदीच नाही असं नाही. म्हटलं, आमच्या ऑफिसात कान तपासायचं शिबिर आहे, गंमत म्हणून येता का? तुम्ही म्हणालात, माझे कान तपासणारा अजून जन्मायचाय. आणि मी लगेच हसून विषय बदलला. मला तो बदलायचाच होता.

तुम्ही गेलात मंगळवारी दुपारी, जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. त्याच्या आदल्या रविवारी आपण दोघं अंगणात कॉफी घेत बसलो होतो. तुम्ही कपातली कॉफी हलवत सहज विचारलंत, 'पुट्टी, खरं सांग. तो पहिला बझर वाजत होता काय?'

दीड वर्षात मला एवढी सोपी संधी मिळाली नव्हती. तुम्ही रागावलेले नव्हतात. नुसते विचारत होतात. मी कपात बघत म्हटलं, 'नाही अण्णा. मेलेलाच होता तो.'

तुम्ही उरलेली कॉफी एका घोटात संपवलीत. मग म्हणालात, 'सरी, बरं. पुढच्या आयतवारी ते सेलचं बघू.'

सेलचं म्हणजे, स्पीकरमागचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर गप्प असतानाही सेल पीत राहायचा, त्यामुळे ते जेमतेम तीन आठवडे टिकायचे. एक ट्रान्झिस्टर स्विचसारखा मध्ये घातला की काम झालं. दहा मिनिटांचं. तुमच्या खणात तसले ट्रान्झिस्टर ओंजळीने होते. तीस वर्षं टेलिफोन हाताळलेल्या माणसाला ते सुचलं नसेल, यावर मी विश्वास ठेवू? मला तर पहिल्याच दिवशी सुचलं होतं. मीही बोलले नाही. दर रविवारी आपण गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, सेलचं बघायला हवं, आणि अक्का पोहे फोडणीला टाकायच्या.

आता खरं ते सांगते. बझर चांगला होता, अण्णा. तुमचा कान गेला होता. आणि मी गप्प बसले ती तुमचा मान राखायला नव्हे. हे मी स्वतःला वर्षभर सांगितलं, अक्कांनाही तसंच वाटत असावं, पण तेही खरं नाही. त्या रविवारी बझर किंचाळला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की काम संपलं. यंत्र झालं, आवाज झाला, आता पुढच्या रविवारी मी कशाला येऊ? सोमवार ते शनिवार मी इंग्रजीत टिंग आणि टुंगवर बोलते, कँटीनमध्ये हिंदीत. शनिवारी रात्री खोलीचं दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. तुमच्या अंगणात मला कुणीतरी पुट्टी म्हणायचं, माझ्याशी भांडायचं, वाढलेलं संपवलं नाही तर रागवायचं. मी माझे रविवार वाचवले आणि त्यासाठी तुमची गाणी दिली. कानात घालायचं यंत्र वेळेत मिळालं असतं तर यंदाची रामनवमी तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकली असतीत. याची मला लाज वाटते. मला माफ करा. पण ते रविवार मी परत देणार नाही, मागितलेत तरी.

आज सगळे पाहुणे गेल्यावर हे सगळं अक्कांना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, हात थांबला नाही. मग मी म्हटलं, अक्का, आता निदान यंत्र तरी नीट करते. तुमचे कान चांगले आहेत, बारीक बझर लावू, पाहुणे घाबरणार नाहीत, आणि सेल वर्षभर बदलायला नकोत.

अक्का म्हणाल्या, 'बेडा, नको ग. सेल वर्षभर टिकले तर तू कशाला येशील?'

मी उठले. अंगणात गेले, यंत्र उघडलं, सेल संपत आले होते, ते काढले. पिशवीत कोऱ्या सेलचं पाकीट होतं, अण्णा. ते तसंच ठेवलं, आणि माझ्या खोलीतल्या घड्याळातून आणि टॉर्चमधून येतानाच काढून आणलेले अर्धे वापरलेले तीन सेल घातले.